जुनें यंत्र, नवी चाकरी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ ह्या आपल्या प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. कांहीं अटींवर वर्षभराची मुदतवाढ देण्यांत आली होती हें खरें, पण मुदतवाढ ती मुदतवाढच. ‘विंडोज ११’ ही नवी प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघाली. ती घ्यावी म्हटलें तर यंत्रांत ‘टीपीएम २.०’ नांवाची सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा तरी हवा, असा कंपनीचा दंडक. आठव्या पिढीचे हे प्रोसेसर २०१७ सालीं बाजारांत आले. तेव्हां त्यापूर्वींचे बहुतेक सारे संगणक, मग ते कितीहि ठणठणीत असोत, एका फर्मानासरशीं म्हातारे ठरले.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा एक निवृत्त संगणक पलंगाखालीं किंवा माळ्यावर जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेला असतो. टाकवत नाहीं आणि वापरवतहि नाहीं, अशी त्याची गत. बहुधा दिवाळीच्या साफसफाईंत तो एके दिवशीं भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो, आणि मोबदल्यांत हातीं आलेली रक्कम पाहून घरच्यांस हसूंहि येत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत जगांत ६ कोटि २० लाख टन विद्युत्-कचरा निर्माण झाला, व त्यांतील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन मार्गीं लागल्याची नोंद आहे. आपल्या देशांत ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले असून त्यांनीं उत्पादकांवर बरीच जबाबदारी टाकली आहे, ही चांगली गोष्ट होय. परंतु जी वस्तु अद्यापि कचरा झालेलीच नाहीं ती कचऱ्यांत कां जावी, हा प्रश्न त्या नियमांच्याहि आधीं येतो.

अशा यंत्रास आम्ही एक नवी चाकरी सुचवितों. त्याला घरचा ‘सर्व्हर’ करावें. सर्व्हर ह्या शब्दाचा अर्थच मुळीं सेवक असा आहे. सेवकाला देखणें रूप लागत नाहीं, तसा ह्यालाहि एकदां बसवून दिल्यावर मॉनिटर लागत नाहीं कीं की-बोर्ड लागत नाहीं. राउटरशेजारीं एका कोपऱ्यांत बसून तो घरांतील सर्वांचीं कामें निमूटपणें करीत राहतो. आजोबांच्या एकसष्टीचे फोटो आईच्या फोनमध्यें, लग्नाचे व्हिडिओ काकांच्या लॅपटॉपमध्यें, आणि मुलांचे शाळेचे निबंध कोणालाच आठवत नाहीं अशा ठिकाणीं, ही जी घरोघरीं पांगापांग दिसते ती त्याच्या डिस्कवर एकत्र नांदूं लागते. ‘सांबा’ नांवाची आज्ञावली ऑस्ट्रेलियांतील अँड्रयू ट्रिजेल ह्यांनीं १९९२ च्या सुमारास सुरू केली. ती ह्या डिस्कचें कपाट घरांतील प्रत्येक संगणकाला उघडून देते. (नांवावरून भोळ्या सांबाची आठवण होते, पण संबंध कांहीं नाहीं.) ‘किविक्स’ ह्या साधनानें मराठी विकिपीडिया सबंध उतरवून ठेवतां येतो, आणि इंटरनेट बंद पडलें असतांहि मुलांस तो वाचतां येतो. ह्या कामांना आजचा अतिवेगवान् प्रोसेसर लागत नाहीं. २०१२ सालचा, चार जीबी मेमरीचा संगणक त्यांना पुरून उरतो.

आतां प्रश्न येतो तो ‘ड्रायव्हर’चा. पुष्कळांचा उत्साह येथेंच मावळतो, म्हणून त्याचा विचार सविस्तर करणें भाग आहे. संगणक म्हणून ज्या पेटीचा आपण एकवचनानें उल्लेख करतों ती वस्तुतः निरनिराळ्या कारखान्यांतून आलेल्या भागांची एक धर्मशाळा असते. नेटवर्कची चिप एकाची, डिस्क दुसऱ्याची, ग्राफिक्सचें कार्ड तिसऱ्याचें. आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. अमुक रकान्यांत अमुक अंक लिहिला म्हणजे माहितीचें पाकीट रवाना करावयाचें, तमुक अंक आढळला म्हणजे डिस्कचें काम संपलें असें समजावयाचें, हे ज्याचे त्याचे संकेत. प्रणालीचा जो गाभा, ज्याला ‘कर्नल’ म्हणतात, त्याला ह्या साऱ्या भाषा कोठून येणार? म्हणून प्रत्येक भागाकरितां एक दुभाषा नेमावा लागतो. हा दुभाषा म्हणजेच ड्रायव्हर. शब्द ऐकून मोटार हांकणारा डोळ्यांपुढें येतो, पण काम दुभाष्याचें. तो नसेल तर चिप धडधाकट असूनहि मुकी. दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि काम मात्र शून्य.

हा दुभाषा कोणीं पुरवावयाचा, ह्याविषयीं जगांत दोन रीती पडल्या आहेत. पहिली अशी कीं, ज्यानें चिप केली त्यानेंच ड्रायव्हर लिहावा, त्याचा मूळ मजकूर आपल्याजवळ गुप्त ठेवावा, आणि ग्राहकास फक्त तयार गोळी द्यावी. विंडोजच्या जगांत मुख्यतः हीच रीत चालते. ती सरसकट वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. यंत्र नवें असतांना ती फार सोयीची पडते. पण प्रणाली बदलली कीं पुष्कळदां गोळीहि नवी लागते, आणि दहा वर्षांपूर्वीं विकलेल्या वस्तूकरितां नवी गोळी वळून देण्यांत कारखानदारास दमडीचा लाभ नसतो. २००७ सालीं ‘विंडोज व्हिस्टा’ घरोघर आली, तेव्हां चांगले चालते स्कॅनर आणि प्रिंटर केवळ ड्रायव्हरावांचून बसून राहिले, ही हकीगत आजच्या पालकांपैकीं कित्येकांना आठवत असेल.

दुसरी रीत लिनक्सची. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण एक प्रणाली लिहीत असल्याचें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं जाहीर केलें. तेव्हां त्या प्रणालीला ‘एटी’ जातीच्या हार्डडिस्कवांचून दुसरी डिस्क ठाऊक नव्हती, कारण त्याच्या स्वतःजवळ तेवढीच होती! आज त्याच कर्नलच्या मूळ मजकुरांत निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. ते निराळे मागवावे लागत नाहींत, कर्नलबरोबरच येतात. आणि कर्नलच्या अंतर्रचनेंत कोणीं फेरफार केला, तर त्याला जुळेल अशा रीतीनें आंतील सर्व ड्रायव्हर दुरुस्त करून देण्याचा भार फेरफार करणारावरच पडतो. ह्या एका रिवाजाचें फळ फार मोठें आहे. चिप करणारी कंपनी बुडाली, विकली गेली, किंवा तिला त्या चिपेचा विसर पडला, तरी दुभाषा जिवंत राहूं शकतो. म्हणून एकीकडे यंत्राचें वय हा दोष ठरतो, तर दुसरीकडे तें बहुधा गुणच ठरतें. दहा वर्षांच्या जुन्या नेटवर्क-कार्डाचीं दुखणीं एव्हांना कोणी ना कोणी शोधून बरीं केलेलीं असतात. उलट गेल्या महिन्यांत निघालेल्या कार्डासाठीं कर्नलच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. २००७ सालीं ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्यांनीं तर कारखानदारांस जाहीर आवाहन केलें कीं, तुम्ही फक्त चिपेची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देतों.

ह्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, अडचण पैशाची नाहीं, मनुष्यबळाचीहि तितकीशी नाहीं. ती माहितीची आहे. ह्या बाबतींत एक जुनी हकीगत सांगण्यासारखी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी ह्या संस्थेच्या एका प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक नवा लेझर प्रिंटर भेट मिळाला. तो वरचेवर कागद अडकून बंद पडे, आणि दुसऱ्या मजल्यावर बसलेल्यांस त्याचा पत्ताहि लागत नसे. तेथील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं पूर्वींच्या प्रिंटरच्या आज्ञावलींत स्वतः सुधारणा करून, कागद अडकतांच ज्यांचें काम खोळंबलें त्यांना सूचना जाईल अशी तजवीज केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ मजकूर मात्र मिळाला नव्हता. दुसऱ्या एका विद्यापीठांतील शास्त्रज्ञाकडे तो आहे असें कळल्यावर स्टॉलमन त्यांच्याकडे गेले. पण त्यांनीं तो कोणास न दाखविण्याचा करार लिहून दिला होता. रिकाम्या हातानें परत आलेल्या ह्या गृहस्थांनीं २७ सप्टेंबर १९८३ रोजीं ‘ग्नू’ ह्या सर्वस्वीं मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. अडकलेल्या एका कागदापायीं एवढी मोठी चळवळ उभी राहिली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण तिच्या मुळाशीं एक प्रिंटरचा ड्रायव्हर होता, हें विसरतां येत नाहीं.

आमच्या पाहण्यांत जुन्या संगणकाचा सर्व्हर करतांना सर्वांत अधिक त्रास होतो तो वायफायच्या कार्डांचा. त्याचें कारण ड्रायव्हरहून किंचित् निराळें आहे. पुष्कळ कार्डांना आपली स्वतःची एक लहानशी आज्ञावली लागते, तिला ‘फर्मवेअर’ म्हणतात. संगणक सुरू होतांना ड्रायव्हरनें ती कार्डांत नेऊन ठेवावयाची असते. ड्रायव्हर खुला, पण फर्मवेअर कंपनीचें व बंदिस्त, असा हा मिश्र संसार. ‘डेबियन’ ही लिनक्सची तत्त्वनिष्ठ शाखा फर्मवेअरच्या अशा बंदिस्त फाइली आपल्या मुख्य प्रतीबरोबर देत नसे. परिणाम काय होई? वायफायला फर्मवेअर पाहिजे, फर्मवेअर इंटरनेटवर, आणि इंटरनेटला वायफाय पाहिजे. म्हणजे पेटीची किल्ली पेटींतच राहून जावी तसा प्रकार. अखेर २०२२ सालीं डेबियनच्या कार्यकर्त्यांनीं रीतसर मतदान करून हा हट्ट सोडला, आणि जून २०२३ मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर सोबतच येऊं लागलें. तत्त्वाला थोडी मुरड पडली, पण घरोघरचीं यंत्रें बोलूं लागलीं. आमच्या मतें तो निर्णय योग्य होता.

बाजारांतून यूएसबीचें वायफाय-कार्ड आणून काम भागवावें, असें कोणी म्हणेल. तेथेंहि सावधगिरी हवी, कारण खोक्यावरील नांव आणि आंतील चिप ह्यांचा संबंध नेहमींच टिकतो असें नाहीं. टीपी-लिंक कंपनीचें ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ हें कार्ड ह्याचें प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या पहिल्या आवृत्तींत ॲथेरॉसची चिप होती, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येंच होता, आणि पुढें तिचें फर्मवेअरदेखील खुलें झालें. दुसऱ्या आवृत्तींत त्याच नांवाखालीं रिअलटेकची निराळीच चिप आली. लॅमिंग्टन रोडवरील दुकानदाराला ‘लिनक्सवर चालतें ना?’ असें विचारलें, तर तो ‘चालतें’ म्हणेल आणि तें खोटेंहि नसेल; कोणत्या आवृत्तीविषयीं तो बोलतो हाच काय तो प्रश्न. म्हणून आमचा आग्रह असा कीं, घरच्या सर्व्हरला वायफाय देऊंच नये. राउटरपर्यंत साधी तार ओढावी. इंटेल व रिअलटेक ह्यांच्या तारेच्या नेटवर्क-चिपांना लिनक्समध्यें फार दिवसांपासून ड्रायव्हर आहेत. मांडणी करतांना तात्पुरतें इंटरनेट हवें असल्यास अँड्रॉइड फोन यूएसबीच्या तारेनें जोडून त्याचें इंटरनेट वापरतां येतें. एखादें काम अडलेंच तर ह्या युक्तीनें तें पार पडतें.

ग्राफिक्सच्या कार्डांची कथा ह्याहून कडू आहे. एनव्हिडिया कंपनीच्या जुन्या कार्डांना लागणाऱ्या ‘३४०’ मालिकेच्या ड्रायव्हरांची देखभाल कंपनीनें २०१९ च्या अखेरीस थांबविली, आणि ‘३९०’ मालिकेची २०२२ च्या अखेरीस. २०२२ च्या मे महिन्यांत कंपनीनें आपल्या ड्रायव्हरचा कर्नलशीं जोडलेला भाग खुला केला खरा, परंतु तो नव्या पिढ्यांच्या कार्डांकरितां. जुन्यांच्या पदरीं कांहीं पडलें नाहीं. ह्याच कंपनीविषयीं टोरवाल्ड्स ह्यांनीं २०१२ सालीं फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत जे उद्गार काढले व जो हातवारा केला, तो शालेय अंकांत वर्णन करण्याजोगा नाहीं. सुदैवानें सर्व्हरला चित्रें दाखवावयाचीं नसतात. असें कार्ड काढून ठेवावें, मदरबोर्डवर ग्राफिक्सची सोय असल्यास तिच्यावर भागवावें, वीजहि वांचते.

यंत्र योग्य आहे कीं नाहीं हें ठरविण्याची रीत सोपी आहे, आणि ती आठवीनववींतील विद्यार्थ्यालाहि जमेल. लिनक्सची प्रत एका पेन-ड्राइव्हवर उतरवावी व संगणक त्यावरून सुरू करावा. ह्यांत आपण होऊन कांहीं स्थापित करावयास सांगितल्यावांचून डिस्कवरील एक अक्षरहि बदलत नाहीं, म्हणून वडिलांच्या जुन्या कागदपत्रांना धोका नाहीं. मग टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ ह्या पर्यायासह द्यावी. संगणकांतील एकेका भागाचें नांव, आणि त्याच्याखालीं कोणता ड्रायव्हर कामावर आहे तें, अशी यादी समोर येते. ज्याच्याखालीं ड्रायव्हरची ओळ नाहीं तो भाग मुका समजावा. ‘एनएन’ हा पर्याय दिल्यास प्रत्येक भागाचा क्रमांकहि दिसतो. हे क्रमांक मोठे मौजेचे असतात. इंटेलचा क्रमांक ८०८६, म्हणजे १९७८ सालच्या तिच्या सुप्रसिद्ध प्रोसेसरचेंच नांव! खोक्यावरील नांव फसवील, पण हा क्रमांक सहसा फसवीत नाहीं. शोध घ्यावयाचा तो त्याच्याच आधारें घ्यावा.

डिस्कांविषयीं थोडें. जुन्या संगणकाच्या बायोसमध्यें डिस्कांची व्यवस्था ‘एएचसीआय’ ह्या सर्वमान्य रीतीवर ठेवावी. ‘रेड’ असें लिहिलेलें असल्यास बदलावें, कारण स्वस्त मदरबोर्डांवरील तें रेड बहुधा नांवाचेंच असतें आणि खरें काम ड्रायव्हरच करीत असतो. तें काम लिनक्स स्वतःच्या साधनांनीं अधिक चांगलें करतें, व उद्यां मदरबोर्ड जळाला तरी डिस्का दुसऱ्या यंत्रांत वाचतां येतात. दोन टेराबाइटांहून मोठी डिस्क असेल तर तिच्यावरील विभागांची नोंद ‘जीपीटी’ पद्धतीनें करावी. जुन्या पद्धतींत तेवढे अंक मावतच नाहींत. आणि डिस्क किती तास चालली आहे व तिच्यावर किती जागा निकामी झाल्या आहेत, हें ‘स्मार्ट’ ह्या तिच्या अंगच्या सोयीनें विचारून घ्यावें. घरचे फोटो थकलेल्या डिस्कच्या स्वाधीन करूं नयेत. नव्या डिस्कवर ठेवले तरी त्यांची दुसरी एक प्रत घराबाहेर असावीच. सर्व्हर हा सेवक आहे, विमा नव्हे.

लिनक्समध्यें सर्व कांहीं अजरामर असतें, असा कोणाचा समज होऊं नये. कर्नलमध्यें ड्रायव्हर असूनहि वाटणारी संस्था तो आपल्या प्रतींतून गाळूं शकते. रेड हॅट कंपनीनें २०१९ सालीं आपली आठवी आवृत्ति काढतांना डिस्कांच्या कित्येक जुन्या नियंत्रक कार्डांचा आधार काढून टाकला. त्याच कुळांतील ‘आल्मालिनक्स’नें २०२४ च्या मे महिन्यांत आपल्या ९.४ ह्या आवृत्तींत अशा पुष्कळ कार्डांना परत आश्रय दिला. मूळ मजकूर खुला असल्यानें हें शक्य झालें. बंदिस्त गोळीच्या बाबतींत दुसऱ्या कोणास असें करतां आलें नसतें. प्रोसेसरांचेंहि तसेंच. ज्या ३८६ प्रोसेसरवर टोरवाल्ड्सनें प्रारंभ केला, त्याचाच आधार फेब्रुवारी २०१३ मध्यें निघालेल्या ३.८ ह्या कर्नलमधून काढण्यांत आला. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तींत बत्तीस-बिटी संगणकांकरितां स्थापनेची प्रतच नाहीं. ज्यांच्या घरीं इतका जुना संगणक असेल त्यांना आम्ही सर्व्हरच्या खटाटोपांत पडण्याचा सल्ला देणार नाहीं.

विजेचा हिशेबहि प्रामाणिकपणें केला पाहिजे. जुना संगणक रिकामा बसून ५० वॅट वीज खातो असें धरलें, तर दिवसाला १.२ युनिट, आणि वर्षाला ४३८ युनिट झाले. युनिटास ८ रुपये धरल्यास ३,५०४ रुपये. रास्पबेरी पायसारखें चिमुकलें यंत्र ५ वॅटवर चालतें असें मानलें, तर त्याला वर्षाला सुमारें ४४ युनिट पुरतात. म्हणजे फुकटचा सेवक जेवणांत महाग पडला! नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालूं नये हा शुभवर्तमानांतील दृष्टान्तहि कोणी आमच्यापुढें ठेवील. त्यावर आमचें म्हणणें एवढेंच कीं, घरचे फोटो, पुस्तकें आणि गाणीं हा नवा द्राक्षारस नव्हेच. तो जुनाच आहे व जुन्या बुधल्यांत सुखानें राहतो. आणि हा सेवक चोवीस तास जागा ठेवण्याचें तरी कारण काय? संध्याकाळचे सहा तास चालविला तर ४३८ युनिटांचे ११० होतात. पुष्कळ बायोसांत ठराविक वेळीं आपोआप जागें होण्याची सोय असते. तारेवरून हांक मारून जागें करण्याचीहि युक्ति आहे, तिला ‘वेक-ऑन-लॅन’ म्हणतात. मात्र ती चालेल कीं नाहीं हें पुन्हां त्या नेटवर्क-कार्डाच्या ड्रायव्हरवर अवलंबून!

वीज जाण्याचा अनुभव आपल्याकडे गांवोगांवीं आहे, म्हणून दोन गोष्टी विशेष सांगितल्या पाहिजेत. मदरबोर्डवर ‘सीआर २०३२’ जातीची तीन व्होल्टांची नाण्याएवढी बॅटरी असते. जुन्या यंत्रांत ती बहुधा संपलेली असते. मग वीज जाऊन आली कीं बायोसमधील सर्व मांडणी पुसली जाते, घड्याळ कित्येक वर्षें मागें जातें, आणि सर्व्हर एक कळ दाबण्याची विनवणी करीत तसाच उभा राहतो. जवळ मॉनिटर नसल्यानें ती विनवणी कोणास दिसत नाहीं. अल्प खर्चाची ही बॅटरी आधीं बदलावी, व मग वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्यें चालू करावी. दुसरी गोष्ट यूपीएसची. वीज जाणार आहे हें सर्व्हरला कळलें तर तो आपलें दप्तर नीट मिटून झोपतो, न कळलें तर अर्धवट लिहिलेलें पान फाटतें. हें कळविण्याचें काम ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही आज्ञावली करते, व तिच्यांतहि निरनिराळ्या यूपीएसांचे ड्रायव्हर आहेत. परंतु त्यासाठीं यूपीएसला संगणकाशीं बोलण्याची तार हवी. पुष्कळ स्वस्त यूपीएसांना ती मुळींच नसते. विकत घेतांना मागील बाजूस यूएसबीचें भोंक आहे कीं नाहीं, एवढें वळून पाहावें.

पालकांस आमची एक विनंति आहे. नवी वस्तु घेतांना आपण रंग, किंमत आणि हमी विचारतों. आणखी एक प्रश्न विचारावा. ह्या वस्तूचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्यें आहे काय? दुकानदार गोंधळेल, हरकत नाहीं. चार गिऱ्हाइकांनीं विचारलें म्हणजे तो पुरवठादाराला विचारील. शाळांनीं तर प्रयोगशाळेकरितां संगणक घेतांना ही अट कागदावर लिहून घ्यावी, कारण शाळेचे संगणक लोकांच्या देणग्यांतून येतात आणि ते पांच वर्षांनीं निकालांत निघणें कोणत्याच शाळेला परवडत नाहीं. कारखानदारांचेंहि म्हणणें ऐकलें पाहिजे. ते सांगतात कीं आमचीं व्यापारी गुपितें आहेत, आणि वायफायच्या लहरींवर सरकारी बंधनें असल्यानें सर्वच उघड करतां येत नाहीं. ह्यांत तथ्यांश आहे. परंतु ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डांचे संकेत स्वयंसेवकांनीं बाहेरून चाचपून, वर्षानुवर्षें खपून उलगडल्यानंतर, २०१० च्या सप्टेंबरांत त्याच कंपनीनें आपल्या कांहीं चिपांचा खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला, आणि तिचा धंदा बुडाला नाहीं. गुपित कसें बनवावें हें ठेवा. पण विकलेल्या वस्तूशीं कोणत्या भाषेंत बोलावें हें विकत घेणारास सांगावयालाच हवें, असें आमचें मत आहे. जुन्या काळच्या कित्येक रेडिओसंचांबरोबर त्यांच्या मंडलाची आकृति मिळे, व गांवचा कारागीर ती पाहून संच दुरुस्त करी. त्या आकृतीमुळें रेडिओचे कारखाने ओस पडल्याचें ऐकिवांत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडूनहि ह्यांत कांहीं होण्यासारखें आहे. कर्नलमधील ड्रायव्हर जिवंत राहतो तो कोणी तरी तो चालवून पाहतो म्हणून. २०१९ च्या जुलै महिन्यांत फ्लॉपी-डिस्कचा ड्रायव्हर ‘अनाथ’ म्हणून नोंदविण्यांत आला, कारण त्याची देखभाल करणाराजवळ चालता फ्लॉपी-ड्राइव्हच उरला नव्हता. तुमच्या माळ्यावरील यंत्रांत एखादें कार्ड असें असेल कीं जगांत तें फार थोड्यांजवळ चालूं स्थितींत आहे. तें चाललें नाहीं तर स्वस्थ बसूं नका. ज्या लिनक्सची प्रत वापरली तिच्या मंडळींस कळवा. कार्डाचा क्रमांक, कर्नलची आवृत्ति, ‘डीमेसेज’ ह्या आज्ञेनें दिसलेल्या ओळी जशाच्या तशा, आणि काय केल्यावर काय झालें तें क्रमानें, एवढें पुरे. पत्र इंग्रजींत लिहावें लागतें. व्याकरणाच्या चुका तेथें कोणी काढीत नाहीं. कार्डाचा क्रमांक मात्र दोनदां ताडून पाहावा.